हानलेला तारे बघायला जायचंय? मग तिथीपासून सुरुवात करा

हानलेला जाऊन आलेल्या लोकांशी बोलताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. तिथली उमलिंग ला नावाची खिंड किती उंच ते सगळे सांगतात, १९,०२४ फूट, तिथल्या बोर्डाजवळचा फोटोही दाखवतात, आणि रात्रीचं आकाश कसं होतं विचारलं की म्हणतात चंद्र होता ना तेव्हा, नाहीतर डोकं एवढं ठणकत होतं की जेवून सरळ झोपलो. लेहपासून अडीचशेच्या वर किलोमीटर जायचं आणि देशातल्या सगळ्यात अंधाऱ्या आकाशाखाली रजई ओढून झोपायचं, ऐकून जीव हळहळतो. म्हणून सविस्तर लिहितोय. मी दोनदा गेलोय, आधी मित्रांबरोबर जूनमध्ये, मग ताईबरोबर पितृपक्षात, पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय जमलं ते सगळं यात येईल. दुर्बीण नसली तरी चालतं, भारी कॅमेरा नसला तरी चालतं, पण चंद्र नसलेली रात्र पाहिजे, उंचीला रुळलेलं शरीर पाहिजे आणि अंधाराला सरावलेले डोळे पाहिजेत, यात तडजोड नको, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवता येतं.

हानलेच का

लडाखच्या चांगथांग भागातलं हे एक खोरं, गाव साधारण ४,३०० मीटरवर. वाळवंट म्हटलं की जैसलमेरचे वाळूचे ढिगारे आणि उंट डोळ्यासमोर येतात, तसलं इथे काही नाही, खडी, माती, खुरटं गवत आणि उघडे बोडके डोंगर. पावसाचे ढग हिमालय ओलांडेपर्यंत रिकामे होतात, त्यामुळे वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून १० सेंटीमीटरसुद्धा होत नाही. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, म्हणजे आपल्या आणि ताऱ्यांच्या मध्ये हवाच कमी, त्यातली वाफ कमी, धूळ कमी. तारे इथे पुण्यासारखे थरथरत नाहीत, खिळ्यासारखे ठोकलेले दिसतात.

शास्त्रज्ञांना हे आधीच कळलं होतं. भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं इथल्या डोंगरावर ४,५०० मीटरवर २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बसवली, सप्टेंबर २००० मध्ये तिनं पहिल्यांदा आकाश बघितलं, आणि ती चालवतात थेट बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. वर्षाकाठी साधारण २६० रात्री तिथे ताऱ्यांचा वर्णपट घेण्याइतक्या चांगल्या मिळतात. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेली मेस नावाची २१ मीटरची गॅमा किरण दुर्बीणही इथेच आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. आणि डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून अधिसूचित झाला. त्यात भोक, शादो, पुंगुक, खुल्दो, नागा या वस्त्या आणि तिबेटी निर्वासितांची वस्ती येते. गावातल्या माणसांना आकाश दाखवण्याचं ट्रेनिंग दिलं, दुर्बिणी दिल्या, खिडक्यांना जाड पडदे लागले, दिव्यांना वरून टोप्या बसल्या. आपण त्या अंधाराचा जो आनंद घेतो तो गावानं रोज संध्याकाळी जपलेला असतो, हे पक्कं डोक्यात ठेवून जायचं.

तारीख: आधी चंद्र, मग सुट्टी

बहुतेक जण उलटं करतात. ऑफिसची सुट्टी, विमानाचं स्वस्त तिकीट, आणि मग तिथे गेल्यावर कळतं की पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलीये. आमच्या पहिल्या ट्रिपला हेच झालं, शुद्ध द्वादशी होती, वाळवंट चांदण्यात दुधासारखं दिसत होतं, फार सुंदर, पण आकाशगंगा म्हणजे एक पुसट ओरखडा. पहाटे चंद्र मावळेपर्यंत उजाडायला आलं होतं.

आपल्याकडे भिंतीवर तिथीचं कॅलेंडर असतंच, तेच उघडा. वद्य नवमी-दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस कामाचे. वद्य दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर बऱ्याच उशिरा उगवतो, तोपर्यंत रात्र आपली, आणि शुद्ध तृतीयेची कोर जेवण होईपर्यंत मावळते. एका तिथीमागे चंद्रोदय सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतो एवढं लक्षात ठेवलं की कुठल्या दिवशी किती तास अंधार मिळेल याचा हिशोब बोटांवर करता येतो. अमावस्या मधोमध धरून हानलेत किमान दोन, जमलं तर तीन रात्री ठेवा, कारण एखादी रात्र ढगात जाते.

आता महिना कुठला. आषाढ अमावस्येला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेला, लडाखमध्येही ढग येतात आणि रस्ते वाहून जायची भीती असते. वैशाख आणि ज्येष्ठ अमावस्या चांगल्या, वैशाखात मुलांना सुट्टीही असते, पण जूनमध्ये पूर्ण अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजतात आणि आकाशगंगेचा गाभा नीट वर यायला अकरा. अश्विन अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन, तेव्हा कोणी घर सोडत नाही आणि थंडीही कडक झालेली असते. माझ्या मते सगळ्यात उत्तम सर्वपित्री अमावस्या. ती कधी सप्टेंबरच्या मध्यानंतर येते, कधी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जाते, पाऊस संपलेला असतो, हवा धुतल्यासारखी, साडेसातला गच्च अंधार, आणि एका रात्रीत उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं अशी दोन्ही आकाशं बघून होतात. पितृपक्षात प्रवास नको असं आमच्याही घरात म्हणतात, मी आईला एवढंच म्हटलं की आजोबांनीच मला अंगणात मृग दाखवला होता, त्यांच्याच पंधरवड्यात आकाश बघायला चाललोय. तिनं लाडवाचा डबा भरून दिला.

घरी सराव

हे वाचून नवल वाटेल, पण फार अंधाऱ्या आकाशात नक्षत्रं ओळखणं अवघड जातं. गावात गच्चीवरून मोजके ठळक तारे दिसतात त्यामुळे आकार लगेच डोळ्यात भरतो, हानलेत मधल्या जागा इतक्या ताऱ्यांनी भरलेल्या असतात की ओळखीचं शर्मिष्ठेचं एम अक्षरसुद्धा हरवतं. म्हणून जायच्या आधी महिनाभर गच्चीवर जा आणि दहा-बारा ठळक खुणा पाठ करा: अभिजित, श्रवण आणि हंसाचं शेपूट हा मोठा त्रिकोण, वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा, सप्तर्षी, शर्मिष्ठा, भाद्रपदांचा चौकोन, कृत्तिका, रोहिणी, ब्रह्महृदय, मृग, व्याध. मोबाईलवरचं आकाशाचं ॲप वापरा, पण इथेच वापरून घ्या, तिथे स्क्रीन जितकी कमी पेटेल तितकं बरं.

शक्य असेल तर त्या महिन्यात एक अख्खी रात्र ग्रुपबरोबर जागून बघा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करतेय, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम प्रसिद्धच आहेत. झोप आवरत आकाश बघणं ही सवयीची गोष्ट आहे.

ज्यांना हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास आहे किंवा डॉक्टर उंचीवर जायला नको म्हणतात त्यांनी हट्ट करू नका. आपल्या नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, तिथे श्वासाची काळजी नाही. आणि आकाशगंगेचा गाभा तिथून जास्त वर दिसतो, कारण जितकं दक्षिणेला तितका तो वर.

उंची: इथे घाई केली तर रात्र गेली

लेह ३,५०० मीटरवर, विमानातून उतरलात की शरीर एकदम तिथे. पहिले दोन दिवस लेहमध्येच काढायचे, त्यातला पहिला नुसता पडून, जिने चढउतार नको, गरम पाण्याची आंघोळही जरा जपून. तिसऱ्या रात्रीचा मुक्काम चुमाथांगला करा, ४,००० मीटरच्या आसपास, गरम पाण्याचे झरे आहेत, आणि चौथ्या दिवशी हानले. काही जण पँगाँगवरून चुशूलमार्गे येतात, तेही चालतं पण त्याआधी लेहच्या रात्री पूर्ण झालेल्या असाव्यात.

आमच्यातल्या एका मित्रानं पहिल्या वेळी दुसऱ्याच दिवशी निघायचा आग्रह धरला आणि आम्ही ऐकलं. संध्याकाळी हानलेत पोचेपर्यंत त्याचं डोकं फुटायला आलेलं, दोनदा उलटी, ऑक्सिमीटर ७१ दाखवत होतं. रात्रीच त्याला खाली न्यावं लागलं, ड्रायव्हरनं झोपेतून उठून गाडी काढली, त्या माणसाचे उपकार विसरणार नाही. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली की अजून वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली की लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजनचा छोटा कॅन वेळ काढतो, इलाज करत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, किती, हे जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते मुद्दाम सांगा.

उंचीचा आणि तारे दिसण्याचा थेट संबंध आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. डोळ्याच्या पडद्याला भरपूर ऑक्सिजन लागतो, अंधारात तर जास्तच, तो कमी पडला की आधी रात्रीची नजर मंदावते. म्हणजे दमलेलं, न रुळलेलं शरीर घेऊन गेलात तर समोर आकाश असूनही अंधुक तारे दिसणार नाहीत. सिगारेटमुळे रक्तातला ऑक्सिजन अजून घटतो आणि दारूनं उंचीचा त्रास वाढतो, त्यामुळे त्या तीन-चार दिवसांत दोन्ही बंद. बघता बघता तारे फिके वाटायला लागले तर मी शांत बसून पाच-सहा खोल श्वास घेतो, मला तरी फरक जाणवतो.

रस्ता, कागद, फोन

लेह, कारू, उपशी, मग सिंधूच्या काठाकाठानं चुमाथांग, माहे पूल, न्योमा, लोमा आणि तिथून हानले. लेहहून थेट आलात तर पूर्ण दिवस जातो. पेट्रोलची टाकी लेह-कारूलाच फुल करा. लोमाला तपासणी असते, मूळ ओळखपत्र आणि लडाख प्रशासनाच्या पोर्टलवर पर्यावरण शुल्क भरून मिळणाऱ्या कागदाच्या तीन-चार झेरॉक्स जवळ ठेवा, आणि सीमाभागाचे नियम मधेमधे बदलतात म्हणून निघायच्या आठवड्यात होमस्टेवाल्यांना फोन करून विचारा. लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि हानलेत त्याचीही रेंज येते-जाते, तेव्हा नकाशे आणि आकाशाचं ॲप ऑफलाइन उतरवून ठेवा. पैसे रोख न्या. ड्रोन आणि हिरवं लेझर घरीच ठेवा, सीमा जवळ आहे, वर वेधशाळा आहे, दोन्ही ठिकाणी त्याचा त्रासच होतो.

राहायला होमस्टेच घ्या. एक तर पैसा गावात राहतो आणि दुसरं म्हणजे आकाश दाखवणारी प्रशिक्षित माणसं याच घरांमधली असतात. "जुले" म्हणून नमस्कार करा, घरातल्या मोठ्या बाईंना "आमा-ले" म्हणा, आपल्या "जी"सारखं त्यांचं "ले".

दिवसाचं काम

हानलेत पोचलात की उजेड असतानाच जागा ठरवा. होमस्टेच्या दारातून आकाश बघू नका, कोणीतरी उठतं, दार उघडतं, उजेड पडतो. आमा-लेंना विचारा, त्या गावापासून पाच-दहा मिनिटांवरची मोकळी जागा सांगतात. दक्षिणेकडे डोंगर लांब आणि बुटके असावेत, वारा अडवायला एखादी भिंत किंवा गाडी असावी, आणि जमीन कोरडी असावी. गाडी चाकोरीतूनच न्या, बाजूच्या हिरव्या कुरणात घालू नका, तिथे क्यांग म्हणजे रानगाढवं चरतात, काळ्या मानेचे करकोचे असतात, आणि एकदा चाकाखाली गेलेलं ते गवत वर्षानुवर्षं उगवत नाही. वेधशाळेचा डोंगर आणि मठ दिवसा बघून घ्या, रात्री तिकडे गाड्या वळवायच्या नाहीत. मठ सतराव्या शतकातला आहे, पण चढ आहे, हळूहळू चढा.

जागेवर उभं राहून उत्तर कुठे, दक्षिण कुठे ते बघा, दोन दगड लावून खूण करा. मग दुपारी दीड-दोन तास झोपा. हे सगळे जण टाळतात आणि मग रात्री अकराला पेंगतात. दिवसभर बाहेर असाल तेव्हा गॉगल लावा, तिथलं ऊन डोळ्यांना फार मारतं, आणि दिवसभर उघड्या डोळ्यांनी ते ऊन झेललं तर रात्री अंधाराला सरावायला डोळे जास्त वेळ घेतात.

थंडी

सप्टेंबरअखेर तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, जूनमध्येही फार वर नसतो, आणि आपण हलत नसतो, पडून असतो, त्यामुळे थंडी दुप्पट वाजते. आत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वरून पिसांचं जाड जॅकेट, वाऱ्यासाठी एक थर. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. दोन मोजे घालायचे पण बूट सैल पाहिजेत, आवळले तर रक्त फिरत नाही आणि पाय आधी गार पडतात. पाठीखाली जाड फोमची चटई किंवा घोंगडी हवीच, थंडी जमिनीतून वर येते, मान वर करून उभं राहाल तर पंधरा मिनिटांत मान धरते. रबराची गरम पाण्याची पिशवी पोटाशी घ्या. थुक्पा (तिथलं शेवयांचं गरम सूप) लवकर जेवून घ्या, आणि बरोबर लाडू, चिक्की, शेंगदाणे ठेवा, दर तासाला थोडं खाल्लं की अंगात ऊब राहते.

डोळे: अर्धा तास काहीच करायचं नाही

बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण पडद्यावरच्या अंधारात काम करणाऱ्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. आणि तो सगळा अर्धा तास मोबाईलच्या एका पांढऱ्या झोतात वाया जातो, परत शून्यापासून सुरुवात. म्हणून निघायच्या आधी गाडीतला आतला दिवा बंद करा, रिमोटनं लॉक करताना इंडिकेटर लुकलुकतात म्हणून गाडी किल्लीनं लावा, कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाकून खिशाच्या तळाशी. टॉर्चला दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन पेपर दोन-तीन पदर करून रबरबँडनं बांधा, घरून नेलात तर बारा रुपयांत काम होतं. लाल उजेडात त्या पेशी फारशा बिथरत नाहीत, पण लालही मंदच हवा, भगभगीत नको.

दुसऱ्या ट्रिपला रात्री दहाच्या सुमारास आमा-ले थर्मासमध्ये गुरगुर चहा, म्हणजे तिथला लोणी-मिठाचा चहा, घेऊन चालत आल्या. टॉर्च त्यांच्या मुठीत होता, बोटांच्या मधून फक्त तांबूस उजेड येत होता, पायापुरता, आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर त्यांनी तोही विझवला. अंधारात चहा ओतला, एक थेंब सांडला नाही. ताई म्हणाली, आपण सोसायटीत झिरोचा बल्ब लावून झोपतो.

अजून एक युक्ती शिकून घ्या, तिरपी नजर. पुसट गोष्टीकडे सरळ रोखून बघितलं की ती नाहीशी होते, कारण नजरेच्या मधोमध अंधारात काम करणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. जरा बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र त्या जागेवर ठेवायचं, की ती हळूच उमलते. पाच मिनिटांचा सराव पुरे.

रात्र, तासातासानं

हे सर्वपित्री अमावस्येच्या आसपासचं सांगतोय, ऑक्टोबरच्या सुरुवातीचं.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसातला जागेवर जाऊन पडा आणि अंधार पडताना बघा, ते सोडू नका. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की संधिप्रकाश पूर्ण संपतो, म्हणजे सव्वासात-साडेसात. तोवर डोक्याच्या जरा पश्चिमेला अभिजित, जरा पूर्वेला हंस, दक्षिणेला उंचावर श्रवण, आणि या त्रिकोणातून आकाशगंगा नैऋत्येला धनू-वृश्चिकात उतरताना दिसायला लागते. हंसाजवळ ती मधोमध फाटून दोन पट्टे होतात, ती फट म्हणजे रिकामी जागा नव्हे, पुढे धुळीचे काळे ढग आहेत. पुण्यातून हे मी कधी बघितलेलं नव्हतं. वृश्चिक इथे लवकर डोंगराआड जातो, म्हणून ज्येष्ठा आणि गाभा आधी बघून घ्या, गाभ्याला साडेआठपर्यंतचाच वेळ असतो.

मग उत्तरेला वळा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींच्या आत असतो, इथे तीन मुठींच्या वर, कारण हानलेचा अक्षांश जवळपास ३३. दोन दगडांची खूण इथे कामाला येते. आपण किती उत्तरेला आलोय हे नकाशात कळत नाही तसं त्या तिसऱ्या मुठीत कळतं.

साडेनऊ-दहाला शर्मिष्ठेखालून देवयानी दीर्घिका शोधा, नुसत्या डोळ्यांनी लांबट धुक्याचा ठिपका. तो प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. ताईला आधी सापडेना, मग तिरपी नजर लागली आणि ती एकदम गप्प झाली, दहा मिनिटं बोललीच नाही. कृत्तिका याच वेळी ईशान्येला वर आलेल्या असतात, मोजा किती दिसतात, घरी मला सहा दिसतात, इथे नऊ मोजल्या.

मध्यरात्री आत जाऊन तासभर गरम व्हायला हरकत नाही, फक्त आतही लाल दिवाच. साडेबारा-एकला मृग पूर्वेला उभा राहतो, दोन-सव्वादोनला व्याध. (जूनमध्ये गेलेले बरेच जण मृग शोधत बसतात, शेतकऱ्यांचं मृग नक्षत्र सात जूनच्या सुमारास लागतं म्हणजे सूर्य तेव्हा मृगात असतो, त्यामुळे तो रात्री दिसणारच नाही.) अगस्त्य मात्र इथे शोधू नका, आपल्याकडे दक्षिणेला छान दोन मुठींपर्यंत वर येतो, हानलेत क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश, तेही पहाटे, डोंगर त्याला झाकून टाकतात.

पावणेचार ते पावणेपाच ही वेळ कितीही झोप आली तरी सोडू नका. पूर्वेला क्षितिजापासून वर तिरका जाणारा मऊ उजेडाचा सुळका दिसतो, मघा नक्षत्राच्या बाजूनं, उजाडतंय असं वाटतं पण नाही, ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतलेलं ते सूर्याचं ऊन आहे, राशिचक्री प्रकाश म्हणतात त्याला. शरद ऋतूत पहाटे तो सगळ्यात चांगला दिसतो. क्षितिजावर कधीकधी फिकट हिरवट-राखाडी पट्टेही दिसतात, तो हवेचाच स्वतःचा मंद उजेड. आणि सूर्यावर मोठं वादळ झालं तर त्याहून मोठं काही, १० मे २०२४ च्या रात्री हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेला लाल ऑरोरा टिपला होता. त्याची आशा धरून जाऊ नका, पण उत्तर क्षितिजावर लाली दिसली तर गाडीचा उजेड समजून दुर्लक्षही करू नका.

दुर्बीण आणि फोटो

स्वतःची मोठी दुर्बीण न्यायची गरज नाही, गावातली माणसं दाखवतात, त्याचे पैसे आनंदानं द्या. आपली ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री असेल तर जरूर न्या, धनूतले तेजोमेघ, ययाती आणि शर्मिष्ठेमधला जोडगुच्छ, देवयानी, कृत्तिका, यांच्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. श्वास जपून सोडा. भिंगावर श्वास बसला की दुधावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा धरतो, तो बोटानं पुसू नका, द्विनेत्री पाच मिनिटं जॅकेटच्या आत धरा, आपोआप जातो.

फोटो काढायचेत तर ट्रायपॉड हवा, रुंद लेन्स, एफ २.८ असेल तर उत्तम, आयएसओ ३,२०० पासून सुरू करा, १५ ते २० सेकंद. किती सेकंद चालतील याचा सोपा हिशोब म्हणजे ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा (फुल फ्रेम धरून), त्यापुढे तारे रेघा होतात. ऑटोफोकस बंद करून ठळक तारा स्क्रीनवर मोठा करा, तो टाचणीएवढा झाला की रिंगला चिकटपट्टी लावून टाका. मोबाईलच्या नाइट मोडमध्येही आकाशगंगा येते, दगडाला टेकवून टायमर लावा. बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, जास्तीची आतल्या खिशात, अंगाला लागून. माझा एक आग्रह, पहिल्या रात्री कॅमेरा बाहेर काढूच नका. स्क्रीन बघितली की डोळे गेले, आणि शेजारी पडलेल्यांचेही जातात.

पहाटे परतताना कॅमेरा आणि द्विनेत्री बाहेरच झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढून बंद करा आणि मगच खोलीत न्या, नाहीतर बुखारीच्या, म्हणजे खोलीतल्या शेगडीच्या, उबेत सगळ्या भिंगांवर पाणी धरतं. पिशवी दोन-तीन तास उघडायची नाही. बूट काढून मोजे बुखारीजवळ वाळत टाका, चिकटून नको, जळतात. आणि झोपायच्या आधी खिडकीचा पडदा ओढलाय ना ते एकदा बघून घ्या, पलीकडच्या घरासमोर अजून कोणीतरी पाठीवर पडून असेल.